चौथ्या बोटीची गाठ

गुरुजींनी माझ्या नावानं पहिली गाठ मारली ती मी शाळेत रुजू झाले त्याच दिवशी. हेडसरांनी कसलासा तक्ता हातात देऊन मला हिंगोलीला पंचायत समितीत पिटाळलं होतं. पर्स खांद्याला लावून मी व्हरांड्यातून निघाले, तर एका उंच, वाळक्या माणसानं हजेरीच्या टेबलामागं खिळ्याला टांगलेली दोरी उतरवली, माझ्याकडं बघत बघत तिला एक गाठ मारली आणि म्हणाला, "जावा बिनघोर. मी हाय इथं."

मी हबकलेच! नवी नोकरी, अनोळखी माणसं, आणि हा बाबा माझ्याकडं बघून गाठी मारून राहिला. पंचायत समितीतलं काम उरकलं आणि मी परस्पर घरी गेले. माझं घर हिंगोलीतच, मोंढ्याच्या मागं. दुसऱ्या दिवशी शाळेत आले तर शिपाईमामा तोंड फुगवून उभे.

"बाई, तुमच्यापायी गुरुजी काल दिवेलागणीपर्यंत इथंच बसून व्हते. चावीबी मला देईनात. शेवटी मीच कनेरगाव नाक्याला जाऊन हेडसरला फोन लावला, तुमी घरी पोचल्याचं कळलं, तवा कुठं गाठ सोडली."

मी तशी भांडकुदळ. सरळ जाऊन गुरुजींपुढं उभी राहिले. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं थांबायला? मी काय लहान लेकरू आहे?"

"न्हाई," ते शांतपणे म्हणाले. "पण बाई, गाठ सुटल्याबिगर ठाणं सोडायचं न्हाई. आमच्या बाचा नियम हाय. जहाजावरचा."

जहाजावरचा! आणि तो हिंगोली जिल्ह्यात! कयाधूला दोन दिवस बरं पाणी आलं तर जिथं लोक पुलावर फोटो काढायला जातात, तिथं हा माणूस जहाजाचे नियम पाळत होता. मी फिसकन हसले आणि तिथंच फसले. कारण गुरुजींसमोर जहाजाचा विषय निघाला की पुढचा तास तुमचा राहत नाही.

गुरुजी भूगोल शिकवायचे. राहायचे शाळेपासून जवळच्या तांड्यात. त्यांचे पूर्वज लदेणीवाले. बैलांच्या पाठीवर धान्य, मीठ लादून शेकडो कोस जायचे, आणि बऱ्याचदा जायचे ते लढाईवरच्या फौजेला रसद पोचवायला. "तलवार राजाची, नाव राजाचं," गुरुजी म्हणायचे, "पण राजाच्या पोटात भाकर आमच्या बैलानं घातली." पुढं रेल्वे आली, सडका झाल्या, लदेणी बसली. गुरुजींच्या वडिलांच्या, म्हणजे बाच्या वाट्याला चार बैल तेवढे आले. हौशा, मोऱ्या, ढवळ्या आणि भुंड्या. त्या चौघांवर घर भागेना म्हणून बा मुंबईला गोदीत पोती उचलायला गेला. तेवढ्यात दुसरं महायुद्ध पेटलं आणि हा पोती उचलणारा गडी भंडारखान्याचा मदतनीस म्हणून एका जहाजावर चढला.

आता ऐका. ते जहाज काही लढाऊ नव्हतं. कुण्या बड्या शेठची सैरसपाट्याची यॉट होती ती! पांढरीशुभ्र. आत नाचघर, नाचघरात पियानो, दारांना पितळी पत्रे आणि पत्र्यांवर ठोकून काढलेले मोर. नौदलानं ती ताब्यात घेतली. पियानो धक्क्यावर उतरवला, सगळ्या यॉटला राखाडी रंग फासला आणि नाचघरात टॉर्पेडो निजवले. हे वाक्य सांगताना गुरुजी दोन्ही तळहात गालाखाली घेऊन झोपल्याची नक्कल करायचे. मी ती नक्कल शंभरदा तरी बघितली असेल आणि शंभरदा हसले असेन.

मग ही नटवी यॉट ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावर, खारफुटीच्या खाडीत, झाडाच्या फांद्या अंगावर ओढून दडून बसली. कशाला? तर चार टॉर्पेडो बोटींची माय व्हायला. टॉर्पेडो बोट म्हणजे एवढीशी लाकडी चीज. पळायला वारा, पण पेट्रोल पिणार घागरी घागरी, आणि पोटात चुलीला जागा नाही की अंथरुणाला नाही. अंधार पडला की या बोटी बाहेर पडायच्या, जपान्यांची रसद बुडवायच्या आणि उजाडता उजाडता परत येऊन यॉटच्या कुशीला लागायच्या. की लगेच पेट्रोल भरा, पाणी भरा, गोळ्यांची भोकं बुजवा, थकलेल्या पोरांना खाऊ घाला. बा कठड्याशी वरणाची डेग घेऊन उभा असायचा.

बोटींवर आकडे लिहिलेले होते, पण बाला लिहितावाचता येत नव्हतं. त्यानं त्यांना सरळ आपल्या बैलांची नावं देऊन टाकली. जी सगळ्यांच्या पुढं उधळायची ती हौशा. जिच्या नाकाडावर पांढरा पट्टा ती मोऱ्या. फिक्या रंगाची ढवळ्या. आणि जिची डोलकाठी खारफुटीत अडकून बुडापासून मोडली ती भुंड्या, बिनशिंगाच्या बैलाला म्हणतो तसं. जहाजाला तो तांडाच म्हणायचा. लदेणीत बैल ठाण्यावरून सुटला की दोरीला गाठ मारायची आणि परत आला की गाठ सोडायची, हा त्यांच्या घराण्याचा रिवाज. तोच बानं जहाजावर चालवला. चार बोटी गेल्या, चार गाठी.

हे सगळं गुरुजी वर्गात कसं शिकवायचे ते सांगते! बाकं भिंतीला लावायची. खडूनं फरशीवर यॉट काढायची. टेबल म्हणजे नाचघर. चार पोरी टॉर्पेडो बोटी. त्यांनी दोन्ही हातांत चपला धरून तोंडानं घुर्रर्र आवाज काढत मैदानाला चक्कर मारायची आणि परत येऊन यॉटला टेकायचं. टेकली की गुरुजी तिला माठातलं पाणी पाजणार, गूळ-फुटाणे देणार, फ्रॉकची उसवलेली शिवण दिसली तर तिथल्या तिथं सेफ्टीपिन लावणार. "बोट दुरुस्त! पुढची!"

एकदा ऐन चकरा चालू असताना विस्तार अधिकारी तपासणीला आले. दारात उभे राहून म्हणाले, "हा कोणता पाठ चालू आहे?"

"सागरी वाहतूक," गुरुजी म्हणाले. "साहेब, तुमी जरा बाजूला व्हा. तुमी पेट्रोलच्या पिंपावर उभे हाव."

साहेबांनी खाली बघितलं. खरंच खडूचं वर्तुळ होतं! बिचारे टुणकन उडी मारून बाजूला झाले, आणि पाठ संपेपर्यंत भिंतीला टेकून उभे राहिले. जाताना शेरा काय लिहावा ते त्यांना सुचेना. शेवटी त्यांनीही दोन फुटाणे उचलले.

पाठाचा शेवट मात्र ठरलेला असायचा. तीन पोरी परत यायच्या आणि चौथीला गुरुजी मैदानाच्या टोकाला, लिंबाखाली थांबवून ठेवायचे.

"किती गेल्या?" ते विचारायचे.

"चार!"

"किती आल्या?"

"तीन!"

"चौथी येऊन राहिली," गुरुजी म्हणायचे आणि घंटा व्हायची. लिंबाखालची पोरगी दरवर्षी रुसायची, कारण तिला गूळ उशिरा मिळायचा.

त्यांच्या कपाटाबद्दल सांगायचं राहिलं. सगळ्या शाळेची अडचण त्या कपाटात भागायची. चपलेचे अंगठे, पंक्चरचं सोल्यूशन, पेनाच्या कांड्या, सुई-दोरा, मीठ-साखरेची पाकिटं, आणि कुणा पोरानं डबा आणला नसेल तर त्याच्यासाठी दोन भाकरी रोज. आमच्या मुली कबड्डीत जिल्ह्यात पहिल्या आल्या तेव्हाचा फोटो आहे. त्यात हेडसर आहेत, सरपंच आहेत, ज्यांनी कबड्डी कधी बघितलीही नाही असे दोघं-तिघं आहेत. गुरुजी नाहीत. ते कॅमेऱ्याच्या मागं सातही पोरींच्या चपला आणि लिंबूपाण्याची बादली सांभाळत उभे होते. मी चिडले. म्हटलं, "तुम्ही पुढं का नाही आलात?"

"काहून यायचं? आपण लढत न्हाई बाई. लढणाऱ्याला उभं ठेवतो. तुमच्या वडलांला इचारा."

माझे वडील मोंढ्यात हमाल होते. त्यांनी आयुष्यभर हळदीची पोती वाहिली. मी घरी जाऊन त्यांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "त्या माणसाला एकदा घरी जेवायला बोलाव." त्या दिवसापासून गुरुजी माझे झाले. भांडायचे ते भांडलेच मी त्यांच्याशी, पण घरच्यासारखी.

आता चौथी बोट. ही गोष्ट त्यांनी मला वर्गात नाही, मधल्या सुट्टीत, हातातली भाकर तशीच ठेवून सांगितली.

"त्या सकाळी तीनच आल्या. भुंड्या न्हाई. ऊन वर आलं. तेवढ्यात जपानी विमान खाडीवर दोन घिरट्या घालून गेलं. म्हणजे ठाव लागला. कप्तानानं हुकूम दिला, नांगर उचला, आत्ताच्या आत्ता. बा म्हणाला, साहेब, भुंड्या यायचा हाय. आता कप्तानाला काय ठाऊक भुंड्या कोण? यॉट हलली. बा दोरी धरून मागं बघत राहिला. त्याच आठवड्यात त्याला हिवताप भरला. दवाखान्यात टाकलं अन् तिथून घरीच धाडलं. ते जहाज पुन्हा काही दिसलं न्हाई. नंतर भुंड्या आला असंल अन् ठाण्यावर कुणीच नसंल, हे त्याच्या काळजात बसलं ते बसलंच."

"मग?"

"मरताना बानं शेताचं इचारलं न्हाई, माझ्या लग्नाचं इचारलं न्हाई. दोरी मागितली अन् म्हणला, 'भुंड्या आला का रं?'"

"आला म्हणून सांगायचं की हो गुरुजी!"

"गाठ दिसत व्हती न बाई त्याला."

ती दोरी मी पुढं बघितली. तांड्यावर, गुरुजींच्या घरी, ट्रंकेत कापडात गुंडाळून ठेवलेली. काळी पडलेली, बोटभर जाडीची, आणि मधोमध एकच गाठ, खारीक असावी तशी कडक झालेली. ती गाठ सोडायची की कायमची ठेवायची, एवढं एक कळावं यासाठी गुरुजींचा सगळा आटापिटा होता. शिवाय ते याडी जिवंत असताना कळायला हवं होतं. याडी म्हणजे त्यांची आई. ऐंशी कधीच उलटलेली, पण सुईत दोरा स्वतः ओवायची.

याडीला मात्र जहाजाचं नाव काढलेलं खपायचं नाही. मी पहिल्यांदा तिथं चहाला गेले तेव्हा ती ओसरीत आरशाचं भरतकाम करत बसली होती. माझ्याशी मराठीत बोलायची.

"त्या जहाजानं माझी कोथळी खाल्ली," ती म्हणाली.

"कोथळी?"

"सगाईची पिशवी. आमच्यात पोरगी भरून देती नवऱ्याला. मी हाताएवढी व्हते, तीन महिने भरली. अकरा कवड्या, चारी बाजूनं आरसे. हा बाबा ती घेऊन जहाजावर गेला अन् हात हालवत आला. कुठं हाय म्हणलं तर तोंड उघडंना. हरवली म्हणंना, चोरली म्हणंना." सुई कापडात खुपसून तिनं माझ्याकडं बघितलं. "कुणा ब्रह्मी सटवीला देली असंल. दुसरी न्हाई शिवली मी मग. मरस्तोवर मागत व्हता, न्हाई शिवली!"

गुरुजी आत चहा गाळत होते. ते आतूनच म्हणाले, "याडी, आता सोड की."

"काहून सोडू?" याडी म्हणाली.

शाळेत कॉम्प्युटर आला आणि सगळ्यांत लहान म्हणून मी आपोआप कॉम्प्युटरवाली मॅडम झाले. मला त्यातलं शष्प कळत नव्हतं. पण नेट सुरू झालं त्या दिवशी गुरुजी एक जाड फाइल घेऊन माझ्यासमोर बसले. तीस वर्षांची पत्रं होती तीत! हिंगोलीच्या कोर्टासमोरच्या टायपिस्टकडून इंग्रजीत टाइप करून घेतलेली. मुंबईला, दिल्लीला, थेट विलायतेला पाठवलेली. प्रत्येक पत्रात अदबीनं एकच प्रश्न होता, की भुंड्या नावाची टॉर्पेडो बोट परत आली का. आणि सगळ्यांची उत्तरंही एकच, की या नावाच्या बोटीची नोंद आढळत नाही.

मी हसायला नको होतं, पण मला हसू फुटलं. "अहो गुरुजी, बैलाचं नाव विलायतेच्या कागदात कसं सापडेल? तिथं आकडे असणार."

"आकडा बाला ठाऊक नव्हता."

"मग नाव काढून टाकू आणि नुसत्या खुणा लिहू."

"नाव काढायचं न्हाई!" मी त्यांचा आवाज चढलेला पहिल्यांदाच ऐकला. "नाव बदललं की बैल हाकेला ओ देत न्हाई. बानं त्याच नावानं मरताना हाक मारली. तुमी कोण काढणार?"

मीही तापले. म्हणाले, "मग बसा अजून तीस वर्षं पत्रं टाइप करत!" आणि उठून गेले. चार दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. मात्र रोज संध्याकाळी मी घरी निघाले की ते न बोलता माझी गाठ मारायचे, आणि मी पोचल्याचा निरोप हेडसरांमार्फत द्यायची. तेवढं चालू होतं.

पाचव्या दिवशी मला लबाडी सुचली. त्यांच्या कपाटाशी जाऊन विचारलं, "गुरुजी, समजा भुंड्या बैल औंढ्याच्या जत्रेत हरवला, तर लोकांना काय सांगून शोधाल?"

ते लगेच सुरू झाले! "शिंगं न्हाईत म्हणीन. डोलकाठी बुडापासून गेलेली. अन् उजव्या कुशीवर ठिगळ."

"कसलं ठिगळ?"

"पितळेचं. गोळ्यानं फळी फुटली व्हती. जहाजावर पत्रा शिल्लक नव्हता, मग नाचघराच्या दाराचा काढून ठोकला. मोर व्हता त्यावर. बा म्हणायचा, लढाईवर निघालेली बोट अन् कुशीवर नाचून राहिला मोर."

मी कपाळावर हात मारून घेतला. तीस वर्षं! तीस वर्षं हा माणूस पत्रं लिहीत होता आणि मोराचं एका अक्षरानं लिहिलं नव्हतं, कारण त्यांच्या हिशेबी नाव सांगितलं की बैल ओळखला जातो. त्या बोटींवर काम केलेल्या खलाशांच्या नातवंडांनी चालवलेलं एक पान मी नेटवर शोधून ठेवलं होतं. तिथं लिहिलं. सगळ्यांत वर भुंड्या हे नाव, त्यांचा हट्ट म्हणून, आणि खाली यॉट, खाडी, मोडलेली डोलकाठी आणि मोर.

दोन महिने काही नाही. रोज मधल्या सुट्टीत गुरुजी दारातून डोकावायचे. "आलं का?" "नाही आलं." त्यांच्या रिटायरमेंटला तीन आठवडे उरले होते.

आणि एका शनिवारी, सकाळच्या शाळेत, आलं! एका बाईचं पत्र होतं. त्या बोटीवर इंजिन सांभाळणाऱ्या पोराची ती नात. सोबत एक फोटो. आमचं नेट म्हणजे बैलगाडी. फोटो वरून खाली एकेक पट्टी उघडत चालला. आधी नुसती भिंत. मग काहीतरी पिवळं. मी ओरडलेच, "गुरुजी! तुरा! मोराचा तुरा!" ते धावत आले. डोकं आलं, मान आली, पिसारा आला. चेपलेला, कडेला खिळ्यांची भोकं पडलेला पितळी पत्रा. गुरुजींनी टेबलाची कड घट्ट धरली. पट्ट्या खाली सरकतच होत्या. मोराच्या खाली एक काचेची चौकट दिसायला लागली, आणि तिच्यात लाल कापड. कापडाला कवड्या, कवड्यांच्या बाजूनं आरसे.

"वाचा," गुरुजी म्हणाले.

मी वाचत गेले आणि मराठीत सांगत गेले. त्या रात्री भुंड्याची दोन इंजिनं बंद पडली होती. पेट्रोल संपत आलेलं. रखडत रखडत ते खाडीत पोचले तर यॉट गेलेली! वर विमानाची भीती, प्यायला पाणी नाही. आता संपलं, असं वाटत असताना खारफुटीत काहीतरी लखलखलं. जवळ जाऊन बघतात तर फांदीला ही पिशवी टांगलेली, आणि उन्हात तिचे आरसे चमकत होते. पिशवीत भाकरी आणि गूळ. खाली मुळांना बांधलेलं पाण्याचं एक पिंप आणि पेट्रोलचं एक, पाण्यावर तरंगत असलेलं. तेवढ्या पेट्रोलवर ते खाडीबाहेर निघाले आणि दुसऱ्या दिवशी त्यांना आपल्याच नौदलाची एक बोट भेटली. सगळेच्या सगळे वाचले. तिचा आजोबा म्हातारा होऊन अंथरुणात मेला. तो म्हणायचा, कप्तानानं हे ठेवलेलं नाही, हे भंडाऱ्यातल्या त्या काळ्या पोराचं काम, त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. बाईनं शेवटी लिहिलं होतं, की त्याचं नाव काय, आणि ही पिशवी कुणी शिवली?

"हुकमाबिगर पेट्रोल सोडलं त्यानं," गुरुजी हळूच म्हणाले. "लढाईत. गोळी घातली असती त्याला. म्हणून बोलला न्हाई. अन् सापडलं का न्हाई, हेबी ठाऊक नव्हतं त्याला." आणि मग हा साठीला आलेला माणूस ताडकन उठला. "बाई, गाडी काढा!"

शाळा सुटायला अर्धा तास होता. सुटेपर्यंत कधीच न हलणारे गुरुजी हेडसरांना काही न सांगता माझ्या स्कुटीवर मागं बसले. माझ्या मोबाइलमध्ये स्क्रीनचा फोटो काढून घेतला होता. वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला ते ओरडत होते, "हळू! न्हाई, जोरात! जोरात चालवा!"

याडी ओसरीतच होती. मी मोबाइलवर पिशवी मोठी करून तिच्या डोळ्यांसमोर धरली. तिनं सुई खाली ठेवली. चष्मा वर केला, खाली केला. बोटानं काचेवरच्या कवड्या मोजायला लागली.

"धाच हायत," ती म्हणाली. "एक पाडली. अन् ह्यो कोपऱ्यातला आरसा तिरका. माझ्याच्यानं तिरका बसला व्हता, उसवायचा कंटाळा केला." मग तिनं वर बघितलं. "कुणाकडं हाय ही?"

गुरुजी तिच्यापुढं उकिडवे बसले आणि सगळं सांगितलं, त्यांच्या बोलीत. मला शब्द कळत नव्हते पण कुठं काय चाललंय ते कळत होतं. विमान कळलं. खारफुटी कळली. आरसे चमकले तिथं त्यांनी बोटं उघडून दाखवली. याडी ऐकत राहिली. मग दाराकडं तोंड करून, जसा काही तो तिथं चपला काढत उभा आहे, तशी कडाडली, "मेल्या, सांगायचं तरी व्हतं! दुसरी शिवून देली असती!"

आणि रडायला लागली. आम्ही तिघंही रडत होतो, मला सांगायला लाज नाही. रडता रडता तिनं मध्येच पदर डोळ्यांवरून काढला. "पण लेकरं जेवली ना?"

"जेवली, याडी. सगळी जेवली."

मी म्हणाले, "ती बाई पिशवी परत पाठवायला तयार आहे."

"ऱ्हाऊ दे," याडी म्हणाली. "भाकर बांधून देलेली कोथळी परत मागत नसतात. फक्त तिला लिही, त्याचं नाव. अन् माझंबी लिही."

गुरुजींनी ट्रंकेतली दोरी आणली. नखं लावली, दात लावले, पण गाठ हलेना. मी पिना काढल्या, त्या वाकल्या. शेवटी याडीनं दोरी ओढून घेतली, मांडीवर ठेवली, आपली भरतकामाची जाड सुई गाठीच्या पोटात घातली आणि एकेक पीळ सैल करत बसली. बराच वेळ लागला. तांड्यातली आणखी चार माणसं येऊन उभी राहिली. मग तिनं दोन्ही टोकं धरून दोरी ताणली. सरळ दोरी! गुरुजींनी ती हातात घेतली आणि मोठ्यानं म्हणाले, "भुंड्या आला, बा!"

सोमवारी वर्गात लिंबाखालच्या पोरीला त्यांनी स्वतः हात धरून पळवत आणलं आणि सगळा गूळ तिच्या एकटीच्या ओंजळीत ओतला, ते मी खिडकीतून बघितलं. तीन आठवड्यांनी ते रिटायर झाले. मीही पुढं औंढा नागनाथला बदलून गेले. पण मला सगळ्यांत जास्त आठवते ती त्या शनिवारची दुपार. मी निघाले, स्कुटी चालू केली. मागं वळून बघितलं तर ओसरीत गुरुजी उभे होते, हातात ती जहाजावरची, नुकती मोकळी झालेली दोरी. माझ्याकडं बघत बघत त्यांनी तिला गाठ मारली.

"गुरुजी! आत्ताच तर सुटली ती!"

"मग? मोकळी ठेवायची व्हती काय? घरी पोचल्यावर फोन करा बाई. हेडसरला न्हाई, मला."

घरी पोचले. चपलाही काढल्या नाहीत, आधी फोन लावला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत उचलला.

"पोचले, गुरुजी."

मागून याडीचा आवाज आला, "आली का रं?"

"आली," ते म्हणाले. "सोडली गाठ."